पंपावर नोझल सारखं 'टक्' करून बंद पडतंय: दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं दुखणं

दुपारचा_चहा

मंडळी, मदत हवी आहे. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. यंदा हिवाळा सरता सरता एक जुनी दोन सीटची, कापडी छताची गाडी घेतली. २००३ चं मॉडेल, इंजिन सीटच्या मागे, पेट्रोलची टाकी पुढे, फिलर (पेट्रोल भरायचं तोंड) उजव्या पुढच्या मडगार्डवर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की 'त्यापेक्षा अमुक का नाही घेतलीत' सुरू होतं आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

गाडी पळते झकास. पेट्रोल भरायचं म्हटलं की नाटक. नोझल घातलं, खटका दाबला, दोन-तीन सेकंदांत टक्. पुन्हा दाबा, पुन्हा टक्. अगदी बारीक धार धरली तर जातं, पण टाकी ६४ लिटरची आहे, हिशोब करा. टाकी रिकामी असो की अर्धी, फरक नाही.

त्यात आमच्या राज्यात स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी. २०२३ मध्ये ओरेगननेही मोकळीक दिली, आता उरलो फक्त आम्ही. पंपावरचा माणूस नोझल अडकवून पुढच्या गाडीकडे जातो, परत येतो तर मीटरवर अर्धा गॅलनसुद्धा नाही. मग तो माझ्याकडे बघतो आणि मी आकाशाकडे.

इंजिनचा दिवा लागलेला नाही. एका गॅरेजने 'पंपाचा दोष' म्हणून बोळवण केली. पंप बदलून झाले, तेच. कुठून सुरुवात करू?

---

मिसळ_कमी_तिखट

नोझल उलटं धरून बघा, म्हणजे खटका वर आणि नळीचं टोक फिरवून. माझ्या भावाच्या गाडीत चालतं. का चालतं ते विचारू नका.

---

चाकण_फेज_२

का चालतं ते मी सांगतो, पोटापाण्याचा धंदा प्लास्टिकच्या इंधनटाक्यांचा आहे.

नोझलच्या टोकापाशी एक बारीक छिद्र असतं. आत त्याला जोडलेली नळी, आणि ती जाते व्हेंचुरीपाशी, म्हणजे पेट्रोलची वाट अरुंद होते तिथे. पेट्रोल वाहत असताना तिथे निर्वात तयार होतो आणि त्या छिद्रातून हवा ओढली जात राहते. छिद्र पेट्रोलने झाकलं गेलं की हवा मिळत नाही, निर्वात वाढतो, आतला पडदा खेचला जातो आणि खटक्याची कडी सुटते. यात वीज नाही, सेन्सर नाही, सगळं यांत्रिक. म्हणजे नोझलला टाकी भरली की नाही हे कळतच नाही. त्याला एवढंच कळतं की टोकाशी द्रव आला.

आता तुमच्या फिलरच्या नळीत पेट्रोल मागे चढत असेल तर अर्ध्या टाकीतही टक् होणारच. उलटं धरल्यावर छिद्राची जागा बदलते, ते थोडं उशिरा बुडतं, इतकंच. दुखणं तसंच राहतं.

खरा प्रश्न असा की पेट्रोल मागे का चढतंय. मिनिटाला ३५ लिटर आत चालले असतील तर तेवढीच वाफमिश्रित हवा त्याच मिनिटात बाहेर पडायला हवी. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत घाईने तेल ओतलं की भकभक करून बाहेर उसळतं, तोच हा प्रकार. तेव्हा पेट्रोल कुठून जातंय हे शोधू नका, हवा कुठे अडतेय ते शोधा.

---

आबा_पाषाण

हल्ली पेट्रोलच भेसळीचं. इथेनॉल टाकून टाकून फेस येतो, त्याने नोझल फसतं. आमच्या वेळच्या गाडीत पत्र्याच्या डब्यातून ओतायचो, कधी टक् नाही की टुक् नाही.

---

चाकण_फेज_२

आबा, नमस्कार. इथेनॉलने वाफेचा दाब वाढतो हे खरं. दहा टक्क्यांच्या मिश्रणात साधारण एक पीएसआयने (दाबाचं एकक) वाढतो. पण अमेरिकेत दहा टक्के इथेनॉल कित्येक वर्षं सर्रास आहे, आणि पंपावर यांच्या मागे उभी असलेली गाडी तेच पेट्रोल विनातक्रार पिते आहे. शिवाय डब्यातून ओतताना डब्याला ऑटोकट नसतो, म्हणून टक् नव्हतं.

---

आबा_पाषाण

ते पटलं. वाचतोय.

---

श्टुटगार्टची_सून

इथल्या गाड्या आणि अमेरिकेतल्या गाड्या यात एक मोठा फरक आहे, तो धाग्यात यायला हवा. युरोपात भरताना निघणारी वाफ पंपच ओढून घेतो. नोझलमध्येच परतीची वाट असते आणि २००९ च्या युरोपीय निर्देशापासून मोठ्या पंपांना हे टप्प्याटप्प्याने लागू झालं. अमेरिकेत ते काम गाडीवर टाकलंय. १९९८ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने आणि २००० पासून सगळ्या मोटारींना. भरताना निघणारी सगळी वाफ गाडीतल्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, शिरते. कोळसा पेट्रोलची वाफ धरून ठेवतो आणि स्वच्छ हवा पलीकडून बाहेर.

त्यामुळे तीच गाडी, तोच साचा, पण अमेरिकी आवृत्तीत हवेची वाट लांब आणि जास्त वळणांची. इथल्या मंडळींनी दिलेले उपाय तुम्हाला लागू पडतीलच असं नाही.

अवांतर: इथे स्वतः भरायचं असतं, थंडीत नोझल धरून उभं राहिलं की न्यू जर्सीचा कायदा फार शहाणपणाचा वाटतो.

---

खाडीपलीकडची

कॅलिफोर्नियातून. आमच्याकडे नोझलवर वाफ अडवायला अजून रबरी घोळ असतात आणि काहींमध्ये तो घोळ गाडीच्या तोंडावर नीट दाबला गेल्याशिवाय पेट्रोल सुटतच नाही. बुटक्या गाड्यांचं फिलर खोल आणि तिरकं असेल तर त्रास होतो. पण तुमच्याकडे पेट्रोल सुटतंय आणि मग बंद पडतंय, म्हणजे हे नव्हे. शक्यता बाद करायला लिहिलं.

---

दुपारचा_चहा

खूप आभार सगळ्यांचे. एवढं गॅरेजवाल्याने सांगितलं नव्हतं.

उलटं धरून पाहिलं. म्हणजे पंपावरच्या माणसाला विनंती केली, त्याने आधी मान हलवली, मग केलं. थोडा फरक पडला, टक् व्हायला जरा वेळ लागला. बस्स.

आणखी एक: या गाडीत नोझल आत गेलं की फिलरच्या तोंडाशी एक छोटी पाती ढकलली जाते. ती कशासाठी?

---

चाकण_फेज_२

काही गाड्यांत ती पाती भरण्याच्या वेळची वाफेची मोठी वाट उघडते. नोझल पूर्ण आत गेलं नाही किंवा पाती अडकली तर वाट बंदच राहते. आधी टॉर्च लावून बघा. प्लास्टिकच्या काडीने ढकला, सुटल्यावर स्वतःहून परत येते का? धातूचं काही घालू नका.

मग पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. गाडी तासभर चालवून आल्यावर टोपण उघडता तेव्हा सुस्कारा ऐकू येतो का? आणि हवा आत जाते की बाहेर येते? कानाने कळत नाही, दोन्हींचा आवाज सारखाच. टिश्यूची पट्टी तोंडाशी धरा.

---

भटक्या_खेड

मध्येच घुसतो. आत-बाहेरने काय कळणार? उन्हात गाडी ठेवली की कुठलीही टाकी फुगतेच.

---

चाकण_फेज_२

बरोबर, म्हणूनच उन्हात उभ्या गाडीचं नको, चालवून आलेल्या गाडीचं बघायचं.

इंजिन चालू असताना ते कॅनिस्टरमधली साठलेली वाफ ओढून जाळतं. त्यासाठी पर्ज व्हॉल्व्ह असतो. ओढताना कॅनिस्टरच्या दुसऱ्या टोकाने ताजी हवा आत यायला हवी. ते टोक म्हणजे व्हेंट: एक व्हॉल्व्ह आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे धुळीची गाळणी. ते टोक बुजलं असेल तर इंजिन हवा ओढणार कुठून? टाकीतून. टाकीत निर्वात. टोपण उघडलं की बाहेरची हवा सूं करून आत.

आणि तेच बुजलेलं टोक पेट्रोल भरताना वाफेला बाहेर जाऊ देत नाही. एकच बूच, दोन लक्षणं. उलट टाकीच्या वरचा, ठराविक पातळीला बंद होणारा व्हॉल्व्ह अडकला असेल तर टाकी कॅनिस्टरपासूनच तुटते, मग पर्जच्या ओढीचा टाकीवर परिणाम होत नाही. म्हणून टिश्यूची पट्टी.

आता थोडं गणित, कारण स्पोर्ट्स कारमध्येच हे जास्त का जाणवतं ते त्यात आहे. गाडी बुटकी, टाकी पसरट, फिलरचं तोंड टाकीपेक्षा फार उंच नाही. समजा ३० सेंमी. पेट्रोलची घनता लिटरला साधारण पाऊण किलो. तेवढ्या उंचीच्या स्तंभाचा दाब होतो २.२ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे टाकीत नुसता एवढा दाब अडकला की पेट्रोल नळीतून खाली उतरायचं थांबतं आणि नोझलच्या टोकापर्यंत चढतं. वातावरणाच्या दाबाच्या फक्त दोन टक्के! उंच एसयूव्हीत नळी लांब आणि उभी, तिथे थोडी अडचण खपून जाते. इथे खपत नाही.

---

भटक्या_खेड

हे आवडलं. वाचनखूण साठवली.

---

नाशिकची_द्राक्षं

आमच्या मित्राकडे बाहेरून आणलेली अशीच दोन सीटची आहे, तिला हाच आजार झाला होता, पण कारण वेगळं निघालं. आपल्याकडे पंपावर ऑटोकट झाला की पोरगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" आणि आपण हो म्हणतो. मग तो गाडी हलवून हलवून आणखी शंभर-दोनशेचं कोंबतो. ते जादा पेट्रोल वाफेच्या वाटेने थेट कॅनिस्टरमध्ये. कोळसा वाफेसाठी असतो, द्रवासाठी नाही. भिजला, फुगला, दाणे सुटले, आणि ते दाणे व्हेंटच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसले. अख्खं कॅनिस्टर बदलावं लागलं. भागाची किंमत सांगत नाही, मित्र हे वाचतो, उगाच जखम उघडी होईल.

तेव्हा गाळणी उघडलीत तर काळे बारीक दाणे दिसतात का बघा. दिसले तर नुसती साफसफाई करून भागणार नाही.

---

मिसळ_कमी_तिखट

राउंड फिगरला +१. आमच्याकडे तर २००० चं टाकायला सांगितलं आणि १९४० ला कट झाला तर उरलेले साठ रुपये परत द्यायच्या कल्पनेनेच पंपवाल्याला घाम फुटतो.

---

दुपारचा_चहा

अपडेट. पाती ठीक आहे, ढकलली की जाते, सोडली की परत येते.

टिश्यूची पट्टी आत ओढली गेली. चांगली जोरात, पट्टी तोंडाला चिकटून बसली.

आणि स्वस्तातलं स्कॅनर लावून पाहिलं. बिघाडाचा कोड एकही नाही. पण बाष्प यंत्रणेपुढे (टाकी-कॅनिस्टरची वाफेची व्यवस्था) 'तपासणी अपूर्ण' असं दिसतंय, बाकी सगळं पूर्ण. गाडी तर मागच्या मालकाने तपासणीतून पास करून दिली होती.

---

खाडीपलीकडची

आहाहा. म्हणजे कोणीतरी विकण्याआधी कोड पुसलेत, किंवा बॅटरी काढून लावलीय. २००१ आणि पुढच्या गाड्यांना ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) मार्गदर्शनाप्रमाणे एक मॉनिटर, म्हणजे गाडीची स्वतःची एक तपासणी, अपूर्ण असला तरी पास करतात. बाष्पाचा मॉनिटर सगळ्यात हट्टी: थंड इंजिन लागतं, आणि टाकी फार भरलेली नको, फार रिकामीही नको. थोडं-थोडं पेट्रोल भरून टाकी तळाशीच राहत असेल तर तो महिनोन्महिने पूर्ण होत नाही. त्यामुळे 'दिवा लागला नाही' याचा अर्थ इथे 'अजून तपासलंच नाही' असा घ्या.

तपासणी पूर्ण झाली असती तर बहुधा पी०४४६ दिसला असता, तो व्हेंटच्या बाजूचा कोड. पी०४४२ आणि पी०४५५ हे गळतीचे, त्यांनी भरणं अडत नाही.

---

चाकण_फेज_२

पट्टी आत गेली म्हणजे संशय व्हेंटच्या बाजूवर. आता खात्री करायची साधी पद्धत: कॅनिस्टरपासून गाळणीकडे जाणारी नळी, म्हणजे *मोकळ्या हवेकडची*, तेवढीच सोडवा आणि तशीच पंपावर जाऊन भरून बघा. सुरळीत भरलं तर कॅनिस्टर आणि त्याच्या अलीकडचं सगळं ठीक, बूच पुढे आहे. तरीही टक् झालं तर कॅनिस्टर, नाहीतर टाकीवरचा व्हॉल्व्ह. टाकीकडची नळी मात्र सोडू नका, त्यातून कच्ची वाफ येते.

दोन गोष्टी कळकळीने. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि तुमच्याकडच्या घरांत गॅसवरचा पाण्याचा बंब बऱ्याचदा गॅरेजमध्येच असतो. त्याची ज्योत पुरेशी आहे.

दुसरं, ती बारीक धार आता बंद करा. व्हेंचुरीला निर्वात करायला पुरेसा प्रवाह लागतो. अगदी मंद धारेत ऑटोकट भरवशाचा राहत नाही, आणि टाकी भरल्यावर पेट्रोल सरळ मडगार्डवरून खाली येऊ शकतं. त्रास टाळायला म्हणून लोक नेमकं तेच करतात, म्हणून सांगितलं.

---

श्टुटगार्टची_सून

कॅनिस्टर कुठे आहे ते आधी शोधा. या मांडणीच्या गाड्यांत पुष्कळदा फिलरच्याच बाजूच्या पुढच्या चाकाच्या कमानीत, प्लास्टिकच्या आवरणामागे असतं. चाक काढावं लागेल. जॅकवर विसंबून खाली हात घालू नका, स्टँड लावा.

---

आबा_पाषाण

मला एक कळत नाही. हवा बाहेर जायच्या भोकात एवढं काय अडकणार? मोटारीत काय चिमणी घरटं करते काय?

---

खाडीपलीकडची

आबा, चिमणी नाही, कोळी! थट्टा नाही. २०११ मध्ये माझदाने अमेरिकेत माझदा ६ या सेडानच्या सुमारे ५२ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण पिवळा पिशवी-कोळी व्हेंटच्या नळीत जाळं विणत होता. त्याला पेट्रोलच्या वासाची ओढ असते म्हणे. नळी बुजली की टाकीत निर्वात होऊन टाकीला तडा जाण्याची भीती, म्हणून रिकॉल. २०१४ मध्ये पुन्हा ४२ हजार गाड्या, त्याच कोळ्यापायी.

---

आबा_पाषाण

धन्य आहे. कोळ्याला पेट्रोल आवडतं आणि सरकारला ऊस.

---

भटक्या_खेड

आबा 😂😂

---

दुपारचा_चहा

मोठा अपडेट, निवांत वाचा.

भाचा आणि मी मिळून चाक काढलं, आवरण काढलं. आवरणाचे प्लास्टिकचे खिळे निम्मे तुटले, ते तुटायलाच बनवलेले असतात. कॅनिस्टर सापडलं. मोकळ्या हवेकडची नळी सोडवून, तोंडाला जाळीचं फडकं सैल बांधून, आवरण तात्पुरतं लावून गाडी घेऊन गेलो नदीपलीकडे मॉरिसव्हिलला, म्हणजे पेनसिल्व्हेनियात. तिथे स्वतः भरता येतं, कोणाची मनधरणी नाही.

नोझल घातलं, खटका पूर्ण दाबला. भरत गेलं, भरत गेलं, आणि टाकी भरल्यावर एकदाच टक्. मी काही कोंबलं नाही.

घरी येऊन व्हेंटचा व्हॉल्व्ह आणि गाळणीचा डबा बाहेर काढला. गाळणी धुळीने काळी ठिक्कर, ती अपेक्षित होती. पण त्याच्या पुढच्या नळीच्या तोंडात माती! वाळलेली, घट्ट, बोटभर लांब. कुंभारीण माशीचं घर. आत वाळक्या कोळ्यांचे अवशेष, म्हणजे आबांचा कोळी होता, पण तो भाडेकरू नव्हता, शिधा होता. मागच्या मालकाने गाडी बरीच वर्षं शेतावरच्या लाकडी कोठारात ठेवली होती असं त्याने सांगितलं होतं, तिथलंच हे काम.

कोळशाचे दाणे नाहीत. गाळणी पांढऱ्या कापडावर झटकून पाहिली, नुसती धूळ.

व्हॉल्व्हला बारा व्होल्ट देऊन पाहिले, टकटक वाजतो, बंद असताना फुंकर जात नाही, उघडा असताना जाते. म्हणजे तो जिवंत आहे. नळी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली, गाळणी नवी मागवली.

---

चाकण_फेज_२

उत्तम काम. व्हॉल्व्ह तपासलात हे विशेष, बरेच लोक माती निघाली की तिथेच थांबतात.

टाकीचा आकार वरून, दिसेल तेवढाच, नजरेखालून घाला. प्लास्टिकची टाकी अनेक थरांची असते, निर्वाताने पटकन फुटत नाही, पण दीर्घकाळ ओढ बसली तर वरचा भाग आत बसू शकतो, आणि मग इंधनाचा काटा चुकीचं दाखवायला लागतो. काटा ठीक आहे ना?

---

दुपारचा_चहा

काटा ठीक. भरल्यावर पूर्ण दाखवतो, आणि भरलेले गॅलन काट्याशी जुळतात.

---

नाशिकची_द्राक्षं

दाणे निघाले नाहीत हे ऐकून मित्राला जरा वाईटच वाटलं.

---

दुपारचा_चहा

नवी गाळणी बसवली, सगळं जोडलं. आमच्या नेहमीच्या पंपावर गेलो. त्या माणसाने मला ओळखलं आणि नोझल उलटंच धरून आला! म्हटलं, सरळ धरा. अडकवून पुढच्या गाडीकडे गेला, परत येईतो टाकी भरली होती.

टोपण उघडताना आता पट्टी जेमतेम हलते. बाष्पाची तपासणीही पूर्ण झाली, कोड नाही.

शेवटचा प्रश्न: माशी पुन्हा घर करू नये म्हणून नळीच्या तोंडाला फोमचा बोळा बसवू का?

---

चाकण_फेज_२

बोळा नको. फोमने पुन्हा हवा अडेल, पाणी धरून ठेवेल आणि दोन पावसाळ्यांत तुम्ही परत हाच धागा वर काढाल. लावायचीच तर स्टीलची भरड जाळी, भोकं दोनेक मिमीची, तोंडावर सपाट न लावता टोपीसारखी फुगीर, म्हणजे हवेला जागा भरपूर मिळते. गाडी हिवाळ्यात झाकून ठेवणार असाल तर बाहेर काढताना तेवढी जाळी बघून घ्या.

---

मिसळ_कमी_तिखट

आता तरी गाडीचं नाव सांगा हो.

---

दुपारचा_चहा

नाही.